कंटेनरची राखण: आंबा नोंदणीच्या ॲपचं सुरक्षा ऑडिट, जुलै ते जानेवारी

जून २०२५ च्या अखेरीस संचालक मंडळाचा ठराव झाला: येत्या हंगामाची हापूसची आगाऊ नोंदणी सुरक्षा ऑडिटचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय उघडायची नाही. संस्था रत्नागिरी तालुक्यातल्या बागायतदारांची, नोंदणी उघडते १ फेब्रुवारीला. ॲप पाच कंटेनरांचं (कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली पेटी): ग्राहकांचं वेबपान, त्यामागचा एपीआय (वेबपानाच्या विनंत्यांना उत्तर देणारा प्रोग्राम), पावत्यांच्या पीडीएफ काढणारा एक, एसएमएस पाठवणारा एक आणि रेडिस, म्हणजे तात्पुरत्या माहितीची साठवण. ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधल्या क्यूबरनेटिस क्लस्टरवर (कंटेनर चालवणारा यंत्रांचा गट) दोन नोड, म्हणजे दोन यंत्रं, डेटाबेस बाहेर पोस्टग्रेसचा. सात महिने म्हणजे ढीगभर वेळ असं तेव्हा वाटलं. पुरले जेमतेम. असलं काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी तारखांसकट लिहून ठेवतोय.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त ऑडिटरांची यादी असते. तीन कोटेशनं मागवली. सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त आकड्यात अडीच पट फरक. कारण नंतर कळलं. स्वस्तातला फक्त बाहेरून वेबपान तपासणार होता. कामाच्या व्याप्तीत कंटेनर इमेज (ज्यातून कंटेनर उभा राहतो तो साचा), क्लस्टरची मांडणी आणि क्लाउड खात्याच्या परवानग्या या तिन्ही गोष्टी लिहून घ्या, नाहीतर लॉगिन पानावर टकटक करून अहवाल येतो. आम्ही घेतलं ते ९० हजारांचं, १८ टक्के जीएसटी धरून १,०६,२०० रुपये. निम्मे आगाऊ, एक फेरतपासणी त्यातच, दुसरी लागली तर वेगळे पैसे. कार्यादेश संस्थेच्या लेटरहेडवर, सोबत ठरावाची प्रत. अध्यक्ष आषाढीला पंढरपुरात, त्यामुळे एका सहीसाठी आठवडा गेला. ऑडिटरची तारीख मिळाली ११ ऑगस्टची.

सचिवांनी त्या दिवशी विचारलं, "पेटी चोरीला जाते ते समजतं हो, पण हा कंटेनर कोण चोरणार?" चोरत कोणी नाही. आत शिरून आभासी नाणी (क्रिप्टो) खणायचा प्रोग्राम बसवतात, वीज आणि बिल आपलं. नाहीतर आतल्या किल्ल्या (पासवर्डासारखी गुपितं) उचलून थेट क्लाउड खात्यात जातात. ते ऐकल्यावर त्यांनी सहीचा कागद पुढे ओढला.

तारखेपर्यंतचा महिना हातात होता म्हणून आधी घरचीच झाडाझडती. ट्रिव्ही या मोफत स्कॅनरनं इमेज तपासल्या तर ज्ञात त्रुटींच्या हजाराच्या वर ओळी. पहिल्यांदा बघणाऱ्याला घाम फुटतो, पण त्यातलं बहुतेक आपलं नसतंच. एपीआयची इमेज नोड-जेएसच्या पूर्ण डेबियन लिनक्स इमेजवर उभी होती, तीही लेटेस्ट टॅगवर, म्हणजे कधीही बदलू शकणाऱ्या खुणेवर. जवळपास एक जीबीची. तिच्यात कंपायलर, गिट, इमेजमॅजिक असं सगळं आलेलं, आणि ॲप त्यातलं काहीच वापरत नाही. बिल्ड, म्हणजे इमेज बांधणं, दोन टप्प्यांत केलं: पहिल्या टप्प्यात सगळी अवजारं, दुसऱ्यात फक्त तयार फाइली आणि डिस्ट्रोलेस पाया, म्हणजे ॲपपुरतं सोडून काही नसलेली इमेज. इमेज दोनशे एमबीच्या आत आली आणि यादी एका पानावर. उरलेल्यात ज्यांना दुरुस्तीच निघालेली नाही त्या ओळी दुर्लक्ष यादीत टाकताना प्रत्येकीपुढे मुदतीची तारीख घाला. ट्रिव्हीच्या दुर्लक्ष फाइलीत ती सोय आहे. तारीख उलटली की ओळ पुन्हा डोकं वर काढते. तारीख नसलेली दुर्लक्ष यादी म्हणजे गालिचाखालचा केर.

डिस्ट्रोलेसचा जाच एकच: आत शेल (आज्ञा टाइप करायची सोय) नाही. रात्री काही बिघडलं की आत जाऊन बघायची सवय मोडते. त्यावर क्यूबसीटीएल या क्लस्टर चालवायच्या अवजारातली डीबग ही आज्ञा वापरायची. चालू पॉडला (क्लस्टरवर कंटेनर ज्यात चालतो ते वेष्टन) तात्पुरता अवजारांचा कंटेनर जोडता येतो; क्यूबरनेटिसच्या १.२५ आवृत्तीपासून ही सोय पक्की आहे. आपल्याला शेल नाही तसा तो घुसणाऱ्यालाही नाही.

याच झाडाझडतीत खरी लाजेची गोष्ट सापडली, आणि ती स्कॅनरच्या गंभीर यादीत नव्हतीच. जुन्या डॉकरफाइलमध्ये (इमेज बांधायची कृती) पूर्ण फोल्डर कॉपी होत होतं, त्यात पासवर्ड-किल्ल्यांची पर्यावरण फाइल, आणि पुढच्या ओळीत ती पुसलेली. लिहिणाऱ्याला वाटलं, पुसली. इमेज थरांची असते. वरच्या थरात पुसलेली फाइल खालच्या थरात जशीच्या तशी राहते. डॉकर सेव्हनं इमेजची टार फाइल काढून उघडली, तिसऱ्या थरात डेटाबेसचा पासवर्ड आणि पेमेंट गेटवेची किल्ली. अशा वेळी इमेज पुन्हा बांधणं हा उपाय नाही, किल्ली बदलणं हाच उपाय. इमेज आजवर कुठे कुठे उतरवली गेली ते कोण सांगणार? पासवर्ड दहा मिनिटांत बदलला. पेमेंटच्या किल्लीला लेखी अर्ज, अधिकृत सहीवाल्याचा ईमेल, सहा कामाचे दिवस. एसएमएसची किल्ली बदलली तरी डीएलटी या व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीवरचे टेम्प्लेट तेच राहतात, नव्यानं मंजुरी लागत नाही. ती भीती आम्हालाही होती. बिल्डच्या वेळी गुपित लागलंच तर डॉकरच्या बिल्डकिटचा सीक्रेट माउंट वापरा, तो थरात उतरत नाही. आणि काय कॉपी करायचं नाही ते सांगणारी डॉकरइग्नोर फाइल आजच लिहा.

क्लस्टर १.२९ आवृत्तीवर अडकलं होतं. ॲमेझॉन एका आवृत्तीला नेहमीचा आधार १४ महिने देतं. त्यानंतर क्लस्टरचं तासाचं भाडं ०.१० डॉलरवरून ०.६० होतं. म्हणजे महिन्याला ७३ च्या जागी ४३८ डॉलर, आणि हे बिलात मार्चपासून मुकाट चढत होतं. कंट्रोल प्लेन (क्लस्टरचा सूत्रधार भाग) एका वेळी एकच पायरी चढतं, म्हणून १.३३ पर्यंत चार फेऱ्या, प्रत्येकी एक रात्र. चार महिन्यांच्या फरकात ऑडिटची फी सुटली. संचालक मंडळाला या सगळ्या प्रकरणातला हाच मुद्दा सगळ्यांत लवकर पटला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात क्लस्टरच्या एपीआय सर्व्हरचा (क्लस्टरला आज्ञा द्यायची जागा, ॲपचा एपीआय वेगळा) सार्वजनिक दरवाजा बंद केला. तो मुळात जगाला उघडा असतो. लॉगिन लागतं, पण दरवाजा दिसतो. फक्त ऑफिसच्या स्थिर आयपीला परवानगी ठेवली. आठव्या दिवशी हायवेच्या खोदकामात फायबर तुटली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून यायचं तर आयपी वेगळा, आणि मोबाइल कंपन्या एकच आयपी शेकडो ग्राहकांत वाटतात, त्यामुळे त्याला परवानगी देणंही धोक्याचं. सहा तास बाहेर. कोकणात पावसाळ्यात हे होणारच, तेव्हा आधीच दुसरी वाट ठेवा: खाजगी जाळ्यात एक छोटं मशीन, त्याच्यापर्यंत ॲमेझॉनच्या सेशन मॅनेजरनं जायचं, आयपीवर काही अवलंबून नाही. मग सार्वजनिक दरवाजा पूर्णच काढून टाकता येतो. तसा काढला.

११ ऑगस्टला ऑडिट सुरू झालं आणि गणपतीत सगळंच थांबलं. अहवाल १२ सप्टेंबरला आला: ३१ मुद्दे, त्यातले ४ गंभीर. चारपैकी एकही इमेजमधल्या जुन्या पॅकेजचा नव्हता. सगळे 'कोणाला काय करता येतं' याचे होते. आमच्याकडचे गडगे भक्कम असतात, पण माकडं गडग्यावरून येत नाहीत, फांदीवरून येतात. आतलं सगळं एकमेकांना मोकळं असेल तर एका कंटेनरात पाय टाकणारा सगळी बाग फिरतो.

पहिला गंभीर मुद्दा: एसएमएस पाठवणाऱ्या पॉडमधून नोडच्या मेटाडेटा पत्त्यावर (यंत्राला स्वतःची माहिती देणारा आतला पत्ता), १६९.२५४.१६९.२५४ वर, विनंती करून नोडच्या भूमिकेची, म्हणजे क्लाउडमधल्या त्याच्या परवानग्यांची, तात्पुरती ओळखपत्रं मिळत होती. ती घेऊन क्लाउडवरच्या साठवणीच्या बादलीतल्या सगळ्या पावत्या वाचता येत होत्या: नाव, पत्ता, मोबाइल. इलाज माहितीतला आहे: मेटाडेटाची जुनी पद्धत बंद, टोकन सक्तीचं आणि हॉप लिमिट १. पॉड एक उडी पलीकडे असतो, उत्तर त्याच्यापर्यंत पोचत नाही. हे बदललं आणि दोन गोष्टी मोडल्या. बागांचे फोटो चढेनात. एपीआय इतके दिवस गुपचूप नोडच्याच भूमिकेवर जगत होता. त्याला स्वतःची भूमिका दिली, एका बादलीत फक्त लिहायची. दुसरं, लोड बॅलन्सर बनवणारा कंट्रोलर उठेना, कारण रीजन आणि व्हीपीसीचा (क्लाउडमधल्या आपल्या खाजगी जाळ्याचा) क्रमांक तो याच पत्त्यावर विचारतो. दोन्ही त्याच्या सेटिंगमध्ये हातानं लिहायचे. नोडची भूमिका नुसती छाटून भागेल असं वाटत असेल तर आधी शोधा, तिच्यावर कोण कोण पोसलं जातंय.

दुसरा: बिल्ड करणाऱ्या खात्याला क्लस्टर-ॲडमिन, म्हणजे सगळेच अधिकार. कधीतरी चार्ट (क्लस्टरवर बसवायचं तयार पॅकेज) बसेना म्हणून दिलेलं, मग तसंच राहिलेलं. क्यूबसीटीएल ऑथ कॅन-आय ला लिस्टचा पर्याय आणि ॲज मध्ये सर्व्हिस अकाउंटचं (माणसाचं नव्हे, प्रोग्रामचं खातं) नाव दिलं की त्या खात्याच्या हातात काय आहे ते दिसतं. प्रत्येक खात्यासाठी चालवा, एक दुपार लागते. त्यात नवख्याला न दिसणाऱ्या दोन जागा आहेत. सीक्रेटवर (क्लस्टरमध्ये गुपितं ठेवायची नोंद) 'गेट' नाही, फक्त 'लिस्ट' दिलंय म्हणून निर्धास्त राहू नका; लिस्टच्या उत्तरात मजकूरही येतो, आणि बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे, वेष्टन. तसंच ज्याला एखाद्या नेमस्पेसमध्ये (क्लस्टरमधल्या कप्प्यात) पॉड बनवता येतो तो तिथलं कुठलंही सीक्रेट पॉडला जोडून वाचू शकतो. म्हणून गेटवेची किल्ली वेगळ्या नेमस्पेसमध्ये नेली. आणि ज्या पॉडला क्लस्टरशी बोलायचंच नाही, आमच्यात पाचही, त्यांना सर्व्हिस अकाउंटचं टोकन (ओळखीची चिठ्ठी) जोडणं बंद करायला घेतलं.

तिसरा मुद्दा, पॉड रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालतात, यावर मात्र सगळ्यांत जास्त वेळ गेला. जुन्या लेखांमध्ये पॉड सिक्युरिटी पॉलिसी सापडते, ती १.२५ मध्ये काढून टाकली आहे, तिच्या जागी नेमस्पेसवर लेबल लावून तीन पातळ्या: प्रिव्हिलेज्ड, बेसलाइन, रिस्ट्रिक्टेड. लेबल थेट लावू नका. सर्व्हर बाजूच्या ड्राय-रननं लावून पाहिलं तर आत्ता चालू असलेला कुठला पॉड कशात नापास होतो त्याची यादी मिळते आणि मोडत काहीच नाही. मग वॉर्न (नुसता इशारा), मग एन्फोर्स (सक्ती). रूट काढल्यावर पहिलाच पॉड क्रिएट-कंटेनर-कॉन्फिग-एररवर बसला. तक्रार अशी की इमेजमधला वापरकर्ता अंकात नाही. डॉकरफाइलमध्ये 'नोड' हे नाव लिहिलेलं. ते रूट नाही हे क्यूबलेटला (नोडवर पॉड चालवणाऱ्या प्रोग्रामला) नावावरून ठरवता येत नाही. तिथे १००० लिहा, चालतं. सगळ्या क्षमता काढून टाकल्या, पोर्ट ८० चं ८०८० केलं, सेककॉम्प (कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, काय मागता येईल याची चाळणी) रनटाइम-डिफॉल्ट. मूळ फाइलसिस्टिम फक्त वाचनीय केल्यावर वेबपानानं चित्रांच्या कॅशसाठी रडारड केली. ॲपच्या कॅश फोल्डरवर आणि टीएमपीवर रिकामी डिरेक्टरी, आकाराची मर्यादा घालून, जोडली.

पीडीएफच्या कंटेनरनं वैताग दिला. पावत्या काढायला आत क्रोमियम ब्राउझर, आणि त्याच्या स्वतःच्या सँडबॉक्सला (पानाला कोंडून ठेवायच्या सोयीला) कर्नलच्या ज्या सोयी लागतात त्या रनटाइम-डिफॉल्ट अडवतो. क्रोमियम हाकलून एक पीडीएफ लायब्ररी लावून बघितली, तर पावतीवर 'रत्नागिरी'तलं जोडाक्षर फुटून 'त्' आणि 'न' वेगळे. बागायतदारांच्या संस्थेची पावती अशी कोण घेईल! शेवटी क्रोमियम ठेवला, सँडबॉक्स बंद, पण पॉड एकटा: बाहेर जायची वाट पूर्ण बंद, आत येणार फक्त एपीआय, आणि छापायचं ते आमच्याच साच्यातलं. ऑडिटरनं हे लेखी कारणासह 'स्वीकारलेली जोखीम' म्हणून नोंदवलं. प्रत्येक मुद्दा शून्यावर आणायचा नसतो; कारण कागदावर हवं.

चौथा, पॉडांमधलं मोकळं रान. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नेटवर्क पॉलिसी (कुठला पॉड कोणाशी बोलेल याचे नियम) लिहिल्या, लावल्या, क्लस्टरनं निमूट स्वीकारल्या. तपासणीसाठी पीडीएफच्या पॉडमधून रेडिसला जोडून पाहिलं तर जोडलं गेलं! पॉलिसी स्वीकारणं एपीआय सर्व्हरचं काम, पाळणं नेटवर्क प्लगइनचं. आमच्या प्लगइनमध्ये ती सोय होती पण वेगळी चालू करावी लागते. एक शब्द बदलला आणि दुसऱ्या टोकाला गेलो: सगळं बंद. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा, गेटॲड्रइन्फो ईएआय-अगेन. म्हणजे नाव विचारायचीच वाट बंद. सगळं नाकारणारी पॉलिसी लावताना त्याच फाइलमध्ये डीएनएसचं (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेचं) पोर्ट ५३ उघडा, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही. मोठी उत्तरं टीसीपीवर येतात. पेमेंट आणि एसएमएससाठी बाहेरचं ४४३ उघडावं लागतं. साध्या पॉलिसीत डोमेनचं नाव लिहिता येत नाही, म्हणून खाजगी पत्ते आणि मेटाडेटाचा पत्ता वगळून बाकी जग. पूर्ण समाधान नाही, पण तेवढ्यासाठी नवा प्लगइन आणण्याइतका वेळ नव्हता.

हे चालू असताना जग थांबलेलं नव्हतं. सप्टेंबरात एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारावर शाय-हुलुद हा किडा पसरला: पॅकेज बसवताना चालणाऱ्या स्क्रिप्टमधून टोकनं चोरायचा आणि त्यांच्याच जोरावर पुढची पॅकेजेस नासवायचा. आमच्या बिल्डमध्ये पॅकेजांच्या आवृत्त्या पक्क्या करणाऱ्या लॉक फाइलवरूनच बसवणं होतं. त्यात बसवतानाच्या स्क्रिप्ट बंद केल्या. एकच पॅकेज कुरकुरलं, त्याला वेगळी ओळ. बिल्डच्या तयार पायऱ्याही टॅगवरून न घेता कमिटच्या पूर्ण हॅशवर खिळवल्या. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या अशाच तयार पायरीचे जुने टॅग फिरवून लोकांची गुपितं बिल्डच्या लॉगमध्ये छापली गेली होती. टॅग हलतो, हॅश हलत नाही. त्याच न्यायानं इमेज रजिस्ट्रीत टॅग बदलता येणार नाही असं केलं, कोसाइननं सही, आणि सही नसलेली इमेज क्लस्टरवर अडवायला कायव्हर्नो. कायव्हर्नो आठवडाभर फक्त नोंद घेण्याच्या अवस्थेत ठेवा. आणि त्याच्या प्रती तीन: आमच्याकडे एकच होती, नोड बदलताना तीच खाली गेली, आणि परवानगी द्यायला कोणी नाही म्हणून नवा पॉडच उठेना.

५ नोव्हेंबरला रनसीमधल्या (नोडवर कंटेनर सुरू करणारा प्रोग्राम) तीन भेगा जाहीर झाल्या, कंटेनरातून नोडवर निसटता येईल अशा. दुरुस्ती १.२.८ आणि १.३.३ मध्ये. कंटेनर म्हणजे वेगळं मशीन नव्हे, कर्नल सगळ्यांचा एकच. म्हणून नोडही इमेजइतकेच नियमानं बदलायला हवेत. दोन्ही नोड दोन दिवसांत नव्या एएमआयवर (नोडची मूळ इमेज) नेले. पुढच्याच आठवड्यात इनग्रेस-एनजिनएक्स (बाहेरून येणाऱ्या विनंत्या क्लस्टरमध्ये वाटणारा, आमच्याकडेही तोच) बंद होत असल्याची घोषणा, देखभाल मार्च २०२६ पर्यंतच. ३ डिसेंबरला रिॲक्ट या वेबपानं बनवायच्या लायब्ररीच्या सर्व्हर कंपोनंटमधली भेग आली, सीव्हीई-२०२५-५५१८२, तीव्रता १० पैकी १०, लॉगिनशिवाय सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येणारी. आमचं वेबपान त्यात बसत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी नवी आवृत्ती चढवली, पण लॉग तपासले तर त्याआधीच चाचपणीच्या विनंत्या येऊन गेलेल्या. त्या पॉडमध्ये शेल नाही, लिहायला जागा फक्त कॅशची, बाहेर जायला वाट नाही, टोकन नाही, मेटाडेटा नाही. कंटेनरांवर पहारा ठेवणाऱ्या फाल्कोकडेही काही नोंद नव्हती. तरी त्या पॉडच्या हातातली एकमेव किल्ली बदलली.

फाल्को बसवताना पहिले चार दिवस तो इतका भुंकला की सूचना बंद कराव्यात असं वाटेल. कंटेनरातून एपीआय सर्व्हरशी बोललं की तो ओरडतो, आणि आपलीच देखरेखीची साधनं सारखी बोलतात. नाव घेऊन अपवाद लिहा, नियम बंद करू नका. सूचना फोनवर चॅट आणि साधा एसएमएस अशा दोन्ही वाटांनी ठेवा. वीज गेल्यावर टॉवरची बॅटरी उतरते तेव्हा डेटा आधी जातो.

कागदांचं थोडक्यात. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. पॉड गेला की त्याचे लॉग जातात, नोड बदलला तर नक्कीच. ते बाहेर पाठवा. क्लस्टरचा ऑडिट लॉग मुळात बंद असतो, चालू करा, आणि साठवणीची मुदत स्वतः घाला, नाहीतर तो कायम साठतो आणि बिल वाढतं. सहा तासांत कोण कळवणार, त्याच्या गैरहजेरीत कोण, हे नावानिशी एका कागदावर, संस्थेच्या शिक्क्यासह. ऑडिटरनं तो कागद मागितला, तसंच प्रत्येक इमेजची एसबीओएम, म्हणजे घटकांची यादी. ती सिफ्ट हा प्रोग्राम एका मिनिटात काढतो.

फेरतपासणी १५ डिसेंबरला. ३१ पैकी २९ बंद, एक स्वीकारलेली जोखीम, एक उरला: एका सर्व्हिस अकाउंटचं टोकन जोडणं बंद करायचं राहून गेलं होतं. पाच ओळींचा बदल, पण त्यासाठी पुन्हा मुदत मागून पुरावा द्यावा लागला. नशिबानं ऑडिटरनं ती वेगळी फेरी धरली नाही. प्रमाणपत्र ९ जानेवारीला आलं. वरती पत्ता, तपासलेल्या कोडचा हॅश, मुदत एक वर्ष किंवा मोठा बदल होईपर्यंत, जे आधी असेल ते. 'मोठा बदल' म्हणजे काय हे ईमेलवर लिहून घ्या. आम्ही विचारलं ते इनग्रेसमुळे: तो मार्चच्या आत बदलून गेटवे एपीआय या क्यूबरनेटिसच्या नव्या पद्धतीवर जायचंय, आणि मार्चमध्ये पहिल्या पेट्या निघतात. उत्तर आलं, बाहेरचे पत्ते आणि लॉगिन तसंच राहणार असेल तर फक्त बदलाची नोंद पुरे. नवा गेटवे सध्या चाचणीच्या नेमस्पेसमध्ये उभा आहे. त्याच्यापुढची पॉलिसी लिहिताना डीएनएस या वेळी पहिल्या ओळीत आहे.